यादीत नाव नसलेल्या मंगलची पत्रं

वाचकांच्या गूढ अनुभवांचं हे सदर मी आवडीने वाचते. पण खरं सांगते, वाचताना मनात एकच यायचं... या माणसाला त्या दिवशी ताप असणार. माझं माहेर पंचवटीतलं, घरात पौरोहित्य. श्राद्ध, पिंड, कावळा हे सगळं लहानपणापासून इतकं रोजचं होतं की त्याची भीतीही नाही आणि अप्रूपही नाही. शिवाय मी सातपूरच्या एका कंपनीत डिस्पॅचला आहे. माल कधी निघाला, कुठे पोचला, नाही पोचला तर का नाही – दिवसभर हेच बघायचं. न पोचलेल्या मालाला कारण असतं आणि पोचलेल्यालाही असतं, यावर माझा पक्का विश्वास होता.

म्हणून जे झालं ते जसंच्या तसं लिहिते. त्यात मी काही चांगली दिसत नाही, तेही लिहिते. नावं तेवढी बदलली आहेत.

शाळेत आम्हाला मराठी शिकवायला वैद्यबाई होत्या. लग्न केलेलं नव्हतं. निवृत्तीनंतर गंगापूर रोडला तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत एकट्या राहायच्या. दर आठवड्याला एक शब्द निवडून त्यावर जुन्या विद्यार्थिनींना पत्र लिहायची त्यांची सवय होती. कधी ‘उसंत’, कधी ‘चिवट’, एकदा नुसता ‘बरं’. ‘बरं’ या शब्दावर दोन पानं! मग त्यांच्या नजरेत बिघाड झाला. मधोमध डाग, कडेचं तेवढं दिसायचं. मला म्हणाल्या, “शुभदा, समोर बसलेली तू दिसत नाहीस, तुझ्या शेजारचं कपाट मात्र स्वच्छ दिसतंय.” म्हणून माणसाकडे बघायचं असलं की त्या मान दुसरीकडे वळवायच्या. नवख्याला वाटायचं, बाई रागावल्या.

लिहिणं थांबलं तेव्हा मी म्हटलं, तुम्ही सांगा, मी टाइप करते. ईमेलने पाठवू. दर रविवारी सकाळी नऊला इंदिरानगरहून ॲक्टिव्हा काढायची, बाईंकडे जायचं, त्या सांगतील ते लिहायचं आणि अकराला पाठवायचं.

एकाच मेलमध्ये सगळ्यांचे पत्ते टाकून भागलं असतं. पण बाईंना ते पटेना. “‘प्रिय सर्व’ असं पत्र असतं का गं? प्रत्येकीला तिच्या नावाने जायला हवं.” विद्यार्थिनी एकशे बारा. मग मी पन्नाशीला आलेली बाई इंटरनेटवरचे धडे बघून प्रोग्रॅमिंग शिकले. एक छोटी स्क्रिप्ट. एका फाइलमध्ये नावं आणि पत्ते, एका ओळीत एक. स्क्रिप्ट ती फाइल उघडते, एकेक ओळ वाचते, ‘प्रिय अमुक’ लिहिते, खाली पत्र चिकटवते आणि पाठवते. त्यासाठी केलेल्या वेबपेजवर पासवर्ड टाकून मी बटण दाबलं तरच चालते. एवढंच.

एवढंच म्हणायला! पहिल्या रविवारी विषयाच्या जागी सगळ्यांना नुसती प्रश्नचिन्हं गेली. दुसऱ्या रविवारी एक टिंब जास्त पडल्यामुळे प्रत्येक नवीन पत्राला आधीची सगळी पत्रं चिकटत गेली. चाळिसाव्या मुलीला एका मेलमध्ये चाळीस पत्रं, वर चाळीस जणींची नावं. तिचा सिंगापूरहून फोन आला, “बाईंची तब्येत बरी आहे ना?” बाई हसून हसून बेजार. मी प्रत्येक चूक शोधली, दुरुस्त केली. शेवटी एक नोंदवहीही जोडली. कुणाला, किती वाजता मेल गेला ते स्क्रिप्ट स्वतःच एका फाइलमध्ये लिहून ठेवायची. मला तिचा अभिमान होता. माझ्या डिस्पॅच रजिस्टरपेक्षा ती चोख होती.

आता मंगलचं सांगते.

मंगल आमच्याच वर्गातली. तिच्या घरचा मखमलाबादकडे मळा होता, झेंडू आणि शेवंती. शाळेत यायची ती बोटांना झेंडूचा वास घेऊनच. लग्न होऊन येवल्याला गेली, घरात पैठणीचे माग. ती स्वतःही मागावर बसते. शुद्धलेखन यथातथाच. पण बाईंचा तिच्यावर जीव. माझी एक वेलांटी चुकली तर वहीवर लाल गोल, आणि मंगलच्या निबंधात ओळीला दोन चुका असल्या तरी बाई तो वर्गात वाचून दाखवायच्या. चौतीस-पस्तीस वर्षं झाली असतील त्याला. वाटलं होतं, विसरले.

पत्र गेलं की आठवडाभर उत्तरं यायची. पुढच्या रविवारी आधी ती वाचून दाखवायची आणि मग नवं पत्र. डॉक्टर झालेल्या, प्राध्यापक झालेल्या मुली इतकं छान लिहायच्या. बाई ऐकायच्या, मान डोलवायच्या, आणि मग न चुकता –

“मंगलचं आलं का?”

मी पंचवीस उत्तरं वाचलेली असायची. डोळ्यांत थेंब घातलेले असायचे, औषधाच्या गोळ्या आठवड्याच्या डबीत भरून ठेवलेल्या असायच्या. आणि त्या मान कपाटाकडे वळवून, म्हणजे माझ्याकडे बघत, विचारायच्या... मंगलचं आलं का?

ते आलेलं असायचंच. चार-सहा ओळी. ‘बाई, उसंत म्हणजे धागा तुटतो तेवडा वेळ. आमाला तेवडीच मिळते.’ बाई पुन्हा वाचायला लावायच्या. त्या सहा ओळी मी एकदा तीन वेळा वाचल्या. आवाज नीट ठेवून. घरी येऊन भांडी आपटली. नवरा म्हणाला, काय झालं? काय सांगणार? एक्कावन्न वर्षांची बाई म्हणणार का, की माझ्या बाईंना माझ्यापेक्षा ती जास्त आवडते?

त्याच्या पुढच्या रविवारी निघण्याआधी मी यादीची फाइल उघडली आणि मंगलची ओळ काढून टाकली.

काम एका सेकंदाचं. पण ज्या घरात मी वाढले तिथे यात्रेकरूंच्या वंशावळीच्या वह्या आहेत. कुणी मेलं तरी त्यात नाव खोडत नाहीत, पुढे लिहितात फक्त. वडील म्हणायचे, नाव काढणं आपलं काम नाही. हे सगळं आठवूनही मी ओळ काढली. पत्रच नाही गेलं तर उत्तर कसलं येतंय, असा माझा हिशोब.

पत्र गेलं. नोंदवहीत एकशे अकरा नावं. बुधवारी मंगलचं उत्तर.

त्याच आठवड्याच्या पत्राला. त्याच शब्दाला.

मला आधी वाटलं, बदललेली फाइल सर्व्हरवर चढवायची राहिली. पण नोंदवहीत एकशे अकराच होती, आणि त्यात मंगल नव्हती. मग वाटलं, कुणीतरी तिला पुढे पाठवलं असेल. सरळ फोन लावला. “मंगल, काही मेल स्पॅममध्ये जाताहेत म्हणून विचारते, तुला पत्र नीट मिळतं ना?”

“मिळतं की. दर रविवारी अकराला. वरती माझं नाव बी असतं, प्रिय मंगल म्हणून. लय बरं वाटतं गं शुभा, तू किती करते बाईंसाठी.”

मी म्हटलं, बरं. आणि फोन ठेवला.

प्रिय मंगल. ते नाव स्क्रिप्ट फाइलमधून उचलते, आणि फाइलमध्ये ते नव्हतं.

आमच्या कंपनीत कॉम्प्युटर आणि नेटवर्क बघायला साळवे सर आहेत. शांत माणूस, फालतू बोलणार नाही. मी त्यांना एवढंच सांगितलं की एक नाव काढलं तरी त्या व्यक्तीला मेल जातोय. त्यांनी जेवणाच्या सुटीत सगळं उघडून पाहिलं. यादीची जुनी प्रत कुठे राहिली आहे का? नाही. स्क्रिप्टची दुसरी कॉपी? सुरुवातीच्या दोन चुकलेल्या होत्या, त्या पुसल्या. आपोआप ठरावीक वेळी चालणारं काही? नाही. पासवर्ड बदलला. म्हणाले, “मॅडम, आता नाही जाणार.”

पुढच्या रविवारचा शब्द होता ‘ओवणे’. बाई रंगून सांगत होत्या. मध्येच म्हणाल्या, “लिही – आमच्या मंगलची आई सुईशिवाय गजरा ओवायची, केळीच्या सोपटाच्या दोऱ्याने. मी तिच्याकडून शिकायला गेले आणि बोट कापून आले.” त्या हसत होत्या. माझी बोटं कीबोर्डवर होती. मी ते वाक्य लिहिलंच नाही. पुढचं लिहिलं. बाईंना दिसणार थोडंच होतं?

पत्र गेलं. एकशे अकरा.

मंगळवारी ऑफिसात मंगलचा मेल उघडला. ‘बाई, तुमी आईकडं येऊन बोट कापलं ते मला आटवतं. आईनं हाळद लावली. तुमी रडल्या नाय पन मी रडले.’

मी पाठवलेलं पत्र पुन्हा उघडून पाहिलं. ते वाक्य कुठेच नव्हतं. माझ्या लॅपटॉपवर नाही, सर्व्हरवर नाही, कुठल्याच मेलमध्ये नाही. ते फक्त बाई बोलल्या होत्या आणि मी गिळलं होतं.

रविवारी बाईंना विचारलं, “मंगलशी फोनवर बोललात का?”

“नाही गं. ती मागावर असते, उगाच कशाला. का?”

“सहज.”

“तिचं आलं का या वेळी?”

मी मोबाइल काढला आणि वाचून दाखवलं. हळद, रडणं, सगळं. बाई म्हणाल्या, “बघ, मी सांगितलेलं तिला पोचलं.” मला तो टोमणा वाटला. त्यांना माहीत असणं शक्य नव्हतं... पण वाटला.

तुम्ही म्हणाल, घाबरली असशील. नाही. मला राग आला होता. नाव काढलं तरी जातंय, वाक्य गाळलं तरी जातंय, म्हणजे मध्ये मी कशाला आहे? दर रविवारी मी येते, मी लिहिते, मी पाठवते, आणि त्या दोघींचं माझ्या डोक्यावरून चालू! तरीही मी तिचं नाव यादीत परत घातलं नाही. हट्टाने नाही घातलं.

त्यानंतर तीन आठवडे तसेच गेले. चौथ्या आठवड्यात, शनिवारी सकाळी, बाईंकडे काम करणाऱ्या मावशींचा फोन आला. बाई न्हाणीघरात पडल्या. मी पोचले तेव्हा तोंड एका बाजूला वाकडं, वाचा गेलेली. उजवा हातही. ॲम्ब्युलन्स बोलावून दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, जवळच्यांना कळवून ठेवा.

मी चौघांना कळवलं. बाईंचा पुण्याचा भाचा, त्यांच्या सोसायटीचे सेक्रेटरी, आणि आमच्या वर्गातल्या दोघी. फोनमध्ये नावं बघताना मंगलचं नाव दोनदा समोर आलं. दोन्ही वेळा मी बोट पुढे सरकवलं. ही गोष्ट मी आजवर घरी सांगितलेली नाही.

रविवार उजाडला. पत्र नव्हतंच. सांगणार कोण? लॅपटॉप गेल्या रविवारपासून बाईंच्याच टेबलावर राहिलेला, फ्लॅटला कुलूप, किल्ली माझ्या पर्समध्ये. अकरा वाजता मी बाईंच्या कॉटशेजारी उभी होते. वेळ लक्षात आहे कारण तेव्हाच डॉक्टरांचा राउंड होता. बाईंचे डोळे मिटलेले, डावा हात चादरीवर, बोटं किंचित हलत होती. नर्स म्हणाली, असं होतं.

दुपारी तीनच्या सुमारास वॉर्डाच्या दारात मंगल.

अंगावर घरचीच साडी, हातात कापडी पिशवी. केस विस्कटलेले. येवल्याहून एसटीने येऊन द्वारका चौकात उतरली आणि तिथून रिक्षा केली. मला बघितल्यावर तिने आधी पिशवी पुढे केली.

“शुभा, हे आधी खा. भाकरी हाय, मेथी हाय. कालपासून तू काय खाल्लं नाय.”

खरंच खाल्लं नव्हतं. दोन चहा झाले होते.

“तुला कुणी सांगितलं?”

“काय सांगितलं?”

“बाईंचं. इथे आहेत ते.”

“अगं, पत्र आलं ना बाईंचं. तूच पाठवलं ना?”

तिने मोबाइल दिला. रविवार, अकरा वाजून दोन मिनिटं. नेहमीचा विषय, नेहमीसारखं पत्र, खाली ‘टंकलेखन – शुभदा’ ही मी जोडलेली नेहमीची ओळ. पत्र एवढंच होतं –

‘प्रिय मंगल, आज शब्द सुचतोय पण तोंडात येत नाही. तू ये. धावत नको येऊस, पण आजच ये. शुभदाने मला आणलंय तो दवाखाना कॉलेज रोडकडून आत आहे. ती कालपासून उपाशी आहे, तिच्यासाठी काही आण. तुझी, बाई.’

त्या चौघांना सोडून मी काहीच सांगितलं नव्हतं. कुणालाही. तिला तर नाहीच. त्या चौघांना नंतर एकेक करून विचारलं. मंगलचा नंबर त्यांच्यापैकी कुणाकडेही नव्हता.

मंगल कॉटजवळ गेली. “बाई, मी आले.” बाईंनी डोळे उघडले आणि हळूहळू मान भिंतीकडे वळवली. नर्स म्हणाली, “पेशंटला आता भेटायचं नसेल, राहू द्या.” मंगल तिथून हलली नाही, आणि मीही नाही. आम्हाला दोघींना माहीत होतं, बाई तिलाच बघताहेत. बराच वेळ बघत होत्या. मंगलने त्यांचा डावा हात धरला होता. मी पायाशी उभी. भाकरी तशीच पिशवीत.

मंगळवारी दुपारी बाई गेल्या.

दहावं-बारावं झाल्यावर मी साळवे सरांना मंगलकडून मागवलेला तो मेल दाखवला. मेलच्या पोटात तो कुठून निघाला, कशाने पाठवला याची माहिती असते, ती त्यांनी काढली. मग सर्व्हरची नोंद बघितली. दोन्ही शेजारी शेजारी ठेवून ओळीला ओळ ताडून बघितली. शेवटी म्हणाले, “मॅडम, हा मेल तुमच्याच स्क्रिप्टने गेलाय. पण त्या दिवशी तुमची स्क्रिप्ट चाललेलीच नाही.” मी म्हटलं, म्हणजे? ते म्हणाले, “म्हणजे मला माहीत नाही.” एवढ्या वर्षांत त्यांच्या तोंडून हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं.

महिन्याभराने येवल्याला गेले. मंगलला सगळं सांगितलं. नाव काढलं ते, वाक्य गाळलं ते, फोन केला नाही ते. तिने माग थांबवला होता. मला वाटलं होतं, ती म्हणेल जाऊ दे. ती तसं म्हणाली नाही. तिचा चेहरा लाल झाला.

“तुला बाई हाताशी होत्या. दर रविवारी. तुझ्या हातानं डोळ्यात थेंब घालायची तू. मला आठवड्याला एक पत्र यायचं... ते वाचताना मी तुझ्यावर जळायचे, म्हणायचे, शुभा बसली असंल आता त्यांच्याजवळ. आणि तुला ते बी नको वाटलं माझ्याकडं?”

तिने चहा केला, पण बरोबर बसून घेतला नाही. स्टँडवर सोडायला तिचा नवरा आला. आता आमचं बोलणं आहे, सणावाराला फोन होतो. पूर्वीसारखं मात्र नाही, आणि त्याला मीच कारण आहे.

कुणाला मेल सर्व्हरचं शास्त्र कळत असेल आणि हे कसं झालं ते सांगता येत असेल तर जरूर सांगा, मी ऐकून घेईन. साळवे सरांनी आणखी दोघांना विचारलं, त्यांनाही जमलं नाही. मला भीती तेव्हाही वाटली नाही, आताही वाटत नाही. खरं सांगू? मला अजून एवढंच टोचतं, की बाईंच्या कॉटला टेकून मी उभी होते, अगदी हाताशी... आणि त्यांनी पत्र लिहिलं ते तिला.